निळ्या रिबिनीची गाठ

भिंगरीने सकाळपासून कारखाना डोक्यावर घेतला होता. कारखाना म्हणायचं ते अण्णांनी पूर्वी एकदा म्हटलं म्हणून. एरवी ती तळमजल्यावरची एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे खिडकीखाली दोन बाकडी, भिंतीवर करवती आणि रंधे, छताच्या आकड्यांना टांगलेली व्हायोलिनं, आणि कितीही झाडलं तरी कुठून तरी निघणारा लाकडाचा भुसा. आज अण्णांचं बाकडं भिंगरीचं व्हायचं होतं. अण्णा स्वतःचा एप्रन तिच्या गळ्यात घालणार होते, वहिनी केक आणणार होत्या आणि दादा दोन शब्द बोलणार होता. दादाच्या दोन शब्दांची घरात सगळ्यांनी धास्ती घेतली होती.

"मावशी, आजोबांचे रंधे कुठे लावू? धारेप्रमाणे की मापाप्रमाणे?"

"त्यांनाच विचार."

"विचारलं. ते म्हणाले, आता तुझं बाकडं, तू बघ. आणि मी लावले की आतापर्यंत तीनदा उचलून दुसरीकडे ठेवलेत."

ताई लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखालचा गॅस बारीक करत हसली. आज ती सुखात होती. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण खिडकीतून ऊन सरळ बाकड्यावर पडलं होतं आणि पोर रंध्याशी बोलत होती. याहून जास्त मागावं असं तिला काही सुचत नव्हतं.

भिंगरी ताईची रक्ताची कुणी नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. ताईचा धाकटा भाऊ म्हणजे तो चेलोवादक, ज्याचा फोटो एके काळी रेकॉर्डच्या दुकानाच्या दर्शनी काचेत असायचा. त्याच्याबरोबर राहणाऱ्या बाईची ही मुलगी. एका रात्री भांडणात त्याने त्या बाईला जिन्यावरून ढकललं आणि ती गेली. कोर्टात शेवटपर्यंत तो एकच सांगत राहिला, "ती पडली." कोर्टाला ते पटलं नाही. अंगावरच्या खुणांवरून आणि शेजाऱ्यांनी ऐकलेल्या आवाजावरून खून सिद्ध झाला आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा लागली. सात वर्षांच्या पोरीला न्यायला कुणीच आलं नाही, तेव्हा ताई एक रिकामी पिशवी घेऊन गेली आणि तिचे कपडे आणि ती, दोन्ही घेऊन आली.

धाकट्याच्या बाजूने नातं लावलं तर ताई तिची आत्या व्हायची. पण पोरीने पहिल्याच दिवशी जेवताना "मावशी, पाणी" म्हटलं. मावशी म्हणजे आईच्या बाजूची. एवढ्याशा जिवाने एका शब्दात ताईला उचलून आपल्या आईशेजारी बसवलं, आणि ताईने तिथून कधी उठायचं नाही असं ठरवून टाकलं. मग ओघानेच ताईचा थोरला भाऊ, दादा, मामा झाला, वहिनी मामी झाल्या, ताईचे वडील अण्णा आजोबा झाले. धाकटा मात्र कुणीच झाला नाही.

तरी ताई दर महिन्याला तुरुंगात भावाला भेटायला जायची. भाऊ तो भाऊच. भिंगरीला ते माहीत होतं. ती कधी "का जातेस" म्हणाली नाही आणि "कसा आहे" असंही तिने विचारलं नाही. त्या दिवशी स्वयंपाक ती करायची आणि ताईच्या पुढ्यात गरम ताट ठेवायची, एवढंच.

आणि त्याचा चेलो कारखान्याच्या कोपऱ्यात होता. पांढऱ्या चादरीखाली, मानेला निळी रिबीन बांधलेला.

त्या रिबिनीचं सांगायला हवं. वाद्य दुरुस्तीला आलं की त्याच्या मानेला दोरा बांधायचा, आणि तो आणणाऱ्याने स्वतः बांधायचा, ही अण्णांची पद्धत होती. काउंटरवर सगळ्या रंगांची रिळं असत. न्यायला आल्यावर गाठ सोडायची तीही त्यानेच. दुसरं कुणी न्यायला आलं तर त्याला दोन प्रश्न विचारायचे: बांधलं कुणी, आणि बांधणारा का नाही आला? उत्तर खोटं वाटलं तर वाद्य मिळायचं नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो. फार पूर्वी एका म्हाताऱ्या वादकाचं व्हायोलिन त्याच्या मेव्हण्याने गोड बोलून नेलं होतं आणि म्हातारा काउंटरला धरून रडला होता. तेव्हापासून अण्णांनी कानाला खडा लावला.

चेलोची गाठ धाकट्याने बांधलेली नव्हती. पुढच्या फळीला तडा गेला म्हणून त्याची बाईच तो घेऊन आली होती, मरायच्या आठवडाभर आधी. नेमकी तेव्हा रिळं संपली होती. "थांबा," म्हणत तिने बरोबरच्या पोरीच्या वेणीची रिबीन सोडली आणि ती बांधली. काउंटरवर तेव्हा ताई एकटीच होती. पुढे कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही. तडाही तिने सांधला नाही. वाद्य दुरुस्त झालं की न्यायला कुणीतरी यावं लागतं.

दादा आणि वहिनी केकचा खोका सांभाळत आले. वहिनींनी आल्या आल्या खिडकी उघडली, दादाचा मफलर काढला, अण्णांच्या शर्टाचं बटण लावलं आणि मग श्वास घेतला.

"वन्सं, केकवर मी व्हायोलिन काढायला सांगितलं होतं. त्या माणसाने बदक काढलंय."

"मामी, बदकच बरं. व्हायोलिन कापायला माझा हात धजला नसता," भिंगरी म्हणाली.

अण्णांनी एप्रन काढला, झटकला आणि तिच्या गळ्यात घातला. त्यांना हल्ली फारसं ऐकू येत नसे, त्यामुळे दादाचे दोन शब्द चालू असतानाच ते मध्येच मोठ्यांदा म्हणाले, "झालं का त्याचं?" सगळे खो खो हसले. दादाही हसला. पण त्याचं हसू लवकर आवरलं, आणि ताईच्या ते लक्षात आलं.

बदकाचं शेपूट अण्णांच्या बशीत पडलं तेव्हा दादाने ताईला जिन्यापाशी खुणावलं.

"तो चहानंतर येतोय," दादा हळू आवाजात म्हणाला.

"कोण?" ताईने विचारलं, पण तिला कळलं होतं. धाकटा सुटून दादाकडे येऊन तीन आठवडे झाले होते.

"त्याला चेलो हवाय. एका मोठ्या सभागृहाकडून बोलावणं आलंय. अजून लोक आठवण काढतात गं त्याची. तू एक कर, पोरीला तासभर कुठेतरी पाठव. तिला कळायच्या आत आम्ही घेऊन जातो."

"आजच? आज तिचा दिवस आहे, दादा."

"आज सगळे इथे आहोत म्हणून म्हटलं. अण्णांनाही त्याला बघायचंय. शिक्षा भोगून झाली ना त्याची? आता आयुष्यभर त्याने काय हात चोळत बसायचं? वस्तू त्याची आहे, ताई."

तुरुंगाच्या भेटीत धाकटा दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारायचा, "चेलो कसा आहे?" आणि ती म्हणायची, "आहे." चेलो दिला नाही तर भावाच्या हातात काही उरत नव्हतं. आणि पोरीच्या पाठीमागे दिला, तर ती उद्या आपल्याला "मावशी" कशी म्हणेल?

"गाठ त्याने बांधलेली नाही," ती म्हणाली. "तिने बांधलीय. पोरीच्या आईने. मी इथेच उभी होते."

दादाने जिन्याच्या कठड्यावरचा हात काढला. "तू हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कुणी विचारलं नाही. सगळे धाकट्याचा चेलो, धाकट्याचा चेलो म्हणत राहिलात."

"अगं, पण पैसे त्याचे, नाव त्याचं. गाठीचं काय घेऊन बसलीस? ती अण्णांची एक पद्धत."

"याच पद्धतीवर आपलं दुकान चाललं, अहो," मागून वहिनी म्हणाल्या. हातात बशा घेऊन त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "आणि पोरीला कुठे पाठवायचं नाही."

ताई बघतच राहिली. खटल्याच्या वेळी याच वहिनी दिराच्या बाजूने सगळ्या शेजाऱ्यांशी भांडल्या होत्या. इतका गुणी माणूस असं करेल का, म्हणून त्यांनी दोन मैत्रिणी कायमच्या तोडल्या होत्या.

"तू तर त्याची केवढी बाजू घ्यायचीस!" दादा चिडून म्हणाला.

"घ्यायचे. तेव्हा तो माझ्या घरात राहत नव्हता. तीन आठवडे मी त्याला तिन्ही वेळा वाढते आहे. चेलोच्या गजाबद्दल बोलतो, सभागृहाबद्दल बोलतो, तुरुंगात हवा कशी कोंदट होती ते सांगतो. तिचं नाव एकदा घेतलं नाही. एकदा नाही! आणि ही पोर कशी आहे, केवढी झाली, तेही नाही. मी वाट बघितली, वन्सं. मग मला माझीच लाज वाटली."

"मामा," कारखान्यातून भिंगरीचा आवाज आला, "तुम्ही कुजबुजता तेव्हा पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं."

तिघंही चोरासारखी बाहेर आली. भिंगरी काउंटरमागे उभी होती. अण्णांचा एप्रन तिला गुडघ्यांखाली येत होता. चेहरा पांढरा पडला होता, पण हात काउंटरवर नीट टेकलेले होते.

"बाळ, तू वर जाऊन बसलीस तरी..." दादा चाचरला.

"मी कशी जाऊ? आजपासून काउंटरवर मी आहे. तुम्हीच आत्ता भाषणात म्हणालात." मग ती ताईकडे वळली. "ती रिबीन माझी आहे, मावशी. मला आठवतं. घरी जाईपर्यंत माझे केस डोळ्यांत येत होते आणि आई म्हणत होती, उद्या नवी आणू."

इतकी वर्षं चादर झटकायचं काम भिंगरीच करत आली होती. ताईला वाटायचं पोरीला काही आठवत नाही, म्हणून ती इतकी शांतपणे झटकते. काउंटरवरून हात पुढे करून तिने भिंगरीच्या एप्रनचा पट्टा उगाचच सारखा केला.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

धाकटा आत आला. केस पिकले होते, कोट दादाचा होता आणि खांद्यांवर ढगळ होता. बोटं तेवढी तीच, लांब आणि अस्वस्थ. आल्या आल्या त्याची नजर कोपऱ्यातल्या चादरीवर गेली आणि तिथेच राहिली. अण्णा खुर्चीतून अर्धवट उठले. त्याने वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि म्हाताऱ्याने तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. अण्णांचे डोळे वाहत होते. ते बघून ताईला वाटलं, देऊन टाकावं सगळं. काय करायचंय गाठींचं!

"घेऊन जाऊ ना, ताई?" धाकटा म्हणाला.

"इकडे या," भिंगरी म्हणाली. "काउंटरवर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखायला त्याला थोडा वेळ लागला, आणि ओळखल्यावर तो अण्णांपाशीच थांबला असता, पण दादाने त्याला पाठीवर हात ठेवून पुढे आणलं. अण्णाही त्याचा हात न सोडता बरोबर आले.

"वाद्य कुठलं?" भिंगरीने विचारलं.

"चेलो. तो."

"गाठ कुणी बांधलीय?"

खोलीत फक्त सरसाचं भांडं खदखदत होतं. तो याच घरात वाढला होता. हे प्रश्न त्याने लहानपणी याच काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकांना विचारले होते, त्यामुळे पुढे काय येणार हे त्याला माहीत होतं.

"तुझ्या आईने," तो म्हणाला.

"बांधणारी का नाही आली?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "ती पडली."

भिंगरीने काउंटरवरची रिळं एका ओळीत लावली. सगळ्यात शेवटचं रीळ लावून झाल्यावर ती म्हणाली, "दुकान संध्याकाळपर्यंत उघडं आहे. बसा हवं तर."

"अगं, आता हे काय..." दादा पुढे सरला.

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. आणि दादा गप्प बसला.

धाकट्याने ताईकडे पाहिलं. लहानपणी शिकताना तो अडला की ताई दाराआडून हळूच पुढचा सूर म्हणायची आणि तो तिथून उचलायचा. ती नजर ताईने ओळखली. एका शब्दात ती त्याला सोडवू शकत होती. जाऊ दे गं, एवढं म्हटलं असतं तरी भिंगरीने तिच्यासाठी ऐकलं असतं. ताई काउंटरला वळसा घालून आतल्या बाजूला, भिंगरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. भाऊ समोर आणि आपण इकडे, असं ती आयुष्यात पहिल्यांदाच उभी होती. गुडघे कुरकुरले, पण ती हलली नाही.

धाकटा त्या दोघींकडे बघत राहिला. मग त्याची मान खाली गेली.

"पडली नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की वहिनींना पुढे झुकावं लागलं. "मी ढकललं तिला. दोन्ही हातांनी. मी मारलं."

कोर्टाने जे त्याच्याबद्दल लिहून ठेवलं होतं, ते आज त्याच्या तोंडून आलं. दादा मटकन स्टुलावर बसला. इतकी वर्षं तो मनात कुठेतरी "पडली" हाच शब्द धरून होता. अण्णांना ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मुलाचा हात हळूच सोडला.

ताईच्या दंडाला भिंगरीचा दंड लागत होता. मग तिने डोळे एप्रनला पुसले.

"ती येणार नाही म्हणजे तिच्यामागे मी," ती म्हणाली. "गाठ मी सोडते."

तिने चादर काढली. रिबीन जुनी होऊन विटली होती आणि गाठ लाकडासारखी घट्ट झाली होती. दादाने सवयीने कात्री पुढे केली. भिंगरीने नको म्हणून मान हलवली. तिने बोटांनी गाठ चाचपली, आखूड टोक शोधलं आणि बाजूला ओढलं. वेणीची गाठ होती ती. एका ओढीत सुटली.

"मला एकदा फक्त..." धाकट्याचा हात पुढे आला.

"नाही," भिंगरी म्हणाली.

ती रागाने म्हणाली नाही. मोजमाप चुकलं की ती लाकडाला असंच "नाही" म्हणायची. धाकट्याने हात कोटाच्या खिशात घातला.

ताई त्याला दादाच्या गाडीपर्यंत सोडायला गेली. रस्त्यावर छान ऊन होतं. समोरचा न्हावी दुकानाची काच पुसत होता, त्याने ताईला हात केला.

"बोललो की हलकं वाटेल असं वाटलं होतं," धाकटा म्हणाला. "नाही वाटलं."

"वाटायला नकोच."

त्याने गाडीच्या दाराची मूठ धरली. "पुढच्या महिन्यात येशील?"

"येईन की. वहिनींकडच्या खुर्च्या तिथल्यापेक्षा बऱ्या आहेत." मग तिने त्याच्या ढगळ कोटाची कॉलर सरळ केली. "पण आल्यावर मला पोरीबद्दल विचारायचं. आधी तिच्याबद्दल, मग बाकीचं."

त्याने मान डोलावली. दादा गाडी चालवायला बसला तेव्हा त्याने ताईकडे पाहिलं नाही, पण निघताना काच खाली करून म्हणाला, "केकचा एक तुकडा माझ्यासाठी ठेव." दादाची समजूत पटायची ती अशीच.

ताई परतली तेव्हा चेलो बाकड्यावर आडवा होता. भिंगरीने केस वर बांधले होते, निळ्या रिबिनीने. विटलेला रंग तिच्या काळ्या केसांत चांगला दिसत होता. वहिनी तिला उजेड धरून देत होत्या आणि अण्णा जवळ खुर्ची ओढून बसले होते.

"मावशी, हा तडा तू तसाच ठेवलास?"

"हो."

"लाकूड चांगलं आहे गं. सरस तयार आहे. आज सांधून टाकू या?"

"मी दाबून धरायचे शिकंजे काढते," ताई म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा जीव भांड्यात पडला. बरीच वर्षं तिने या वाद्याकडे फक्त सांभाळायची वस्तू म्हणून पाहिलं होतं. आता ते नुसतं दुरुस्तीला आलेलं एक लाकूड होतं, आणि दोघींना त्यातलं कळत होतं.

अण्णांनी चेलोच्या फळीवर तळवा ठेवला, मग मानेवरून हात फिरवला. गाठ लागली नाही. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिनदोऱ्याचं वाद्य बाकड्यावर कसं?" ते ओरडले. "बांधलं कुणी?"

भिंगरीने काउंटरवरचं एक रीळ उचललं, पिवळं, आणि हातभर दोरा तोडून चेलोच्या मानेला दोन फेरे देऊन गाठ मारली. मग वाकून अण्णांच्या कानाशी तोंड नेलं.

"मी, आजोबा!"

"मग सोडायचं तूच," अण्णा म्हणाले आणि बशीतलं बदकाचं शेपूट खायला लागले.